अर्ध्या माल्टचं विरजण

'तुमच्या सोयीसाठी' असं कुणी म्हणालं की हल्ली माझं डोकं सणकतं. आमच्या गल्लीचं वाटोळं सोयीनंच केलं. आणि ही सोय माझ्या दारात आणली ती माझ्या पोटच्या पोरीनं, छान खोक्यात घालून, वर लाल फीत बांधून.

मी शर्मिला धोत्रे, राहणार सोलापूर, जुन्या सूतगिरणीच्या मागची गल्ली. आमच्याकडे घरोघर ज्वारीची बियर होते. नाक मुरडू नका. ज्वारीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून सरकारनंच घरगुती बियरला परवाना दिला, तेव्हा माझी मुलगी ओवी शाळेत होती. आता ती पुण्यात नोकरी करते, आणि पुण्यातल्या हॉटेलांत लोक आमच्या गल्लीचं नाव सांगून बियर मागतात. परवाना दोन तऱ्हेचा असतो. विरजण, म्हणजे बियर फसफसवणारं यीस्ट, घरचं असेल तर परवाना 'स्वतंत्र'. धान्य कुठलं घ्यायचं, बियर कुणाला विकायची, हे कुणाच्या बापाला विचारायला नको. विरजण एखाद्या कंपनीचं असेल तर परवाना 'बांधील'. मग कंपनी म्हणेल ते धान्य आणि कंपनी म्हणेल ते गिऱ्हाईक. आमच्या गल्लीतले सगळे परवाने स्वतंत्र होते. आमचं विरजण माझ्या सासूबाईंच्या आंबिलीच्या मडक्यातून आलेलं. त्याला पिकल्या केळ्यासारखा मंद वास यायचा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातही ते कधी रुसलं नाही.

ज्वारीची बियर हे पाठ मोडणारं काम आहे. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि भरड दळायची, की झाला माल्ट. लेकराला नाचणीसत्त्व करून घातलेल्या कुठल्याही बाईला एवढं येतं. मोड आलेल्या दाण्यात एंझाइमं तयार होतात. ती दाण्यातल्या पिठाच्या लांबलचक साखळ्या कातरून त्यांची साखर करतात, आणि ती साखर खाऊन यीस्ट मद्य करतं. पण ज्वारीची एक खोड आहे. चांगली रटरटल्याशिवाय तिचं पीठ मोकळं होत नाही, आणि तेवढ्या आचेवर एंझाइमं मरतात. म्हणून भरड आधी कोमट पाण्यात भिजवायची, वर निवळलेलं पाणी हलक्या हातानं काढून ठेवायचं, खालचा गाळ शिजवायचा आणि तो निवला की ते पाणी परत त्यात घालायचं. काढून ठेवलेल्या पाण्यात एंझाइमं जिवंत असतात, त्यामुळे थोड्या वेळानं पेज गोड लागायला लागते. यात अख्खा दिवस जातो आणि पाणी लागतं बदाबदा.

गेल्या वर्षी मी मोरीत घसरून पडले आणि पाठ धरली ती धरलीच. त्यातच घराघरांत पाण्याची मीटरं बसली. अशा वेळी नागपंचमीला ओवी घरी आली, ती खोकं घेऊन. ती 'सुगमा' नावाच्या कंपनीत होती. ही कंपनी बियरचा अर्क विकते.

"आई, सगळा माल्ट तूच कशाला शिजवत बसतेस?" ती म्हणाली. "अर्धा माल्ट कर ना. तुझ्याच सोयीसाठी सांगतेय."

अर्क म्हणजे कारखान्यात माल्ट शिजवून, गाळून आटवलेला रस. दिसायला थेट काकवी. अर्ध्या माल्टची बियर करायची तर बरीचशी साखर या अर्कातून घ्यायची आणि चवीपुरती थोडी ज्वारी घरी शिजवायची. किती ज्वारी कमी केली की किती अर्क घालायचा, हा हिशोब खोक्यातली एक कांडी करायची. ओवीनं ती माझ्या तयार बियरमध्ये बुडवली. कांडीनं रंग, वास, कडूपणा, साखर सगळं चाखलं आणि आपल्या छोट्या पडद्यावर उत्तर दिलं. पाच किलो ज्वारीच्या जागी दीड किलो ज्वारी आणि अडीच किलो अर्क.

"आणि हे यीस्टचं पाकीट," ओवी म्हणाली. "आमच्या अर्काबरोबर हेच घालायचं."

"का? माझं विरजण मेलंय काय?"

"एकदा करून तर बघ गं. एकाच पिंपात."

घरी पिण्यापुरतं एक पिंप करायला परवाना आड येत नाही. लेकीचं मन मोडवेना. पण नुसत्या पाकिटावर माझा विश्वास नव्हता, म्हणून ती पलीकडे वळल्यावर मी माझ्या विरजणाचीही एक पळी त्यात घातली. दुपारपर्यंत काम आटोपलं. पाणी निम्मंही लागलं नाही. आणि बियर तयार झाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, चव हुबेहूब निघाली. मला फार राग आला. निदान थोडी तरी वाईट निघायला हवी होती.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. शेजारणीनं भांड्यातून काही पाठवलं तर ते भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्या आठवड्यात शेजारच्या श्रीदेवी चिप्पानं मला बरणीभर शेंगाचटणी पाठवली होती. ती बरणी घासून ओट्यावर ठेवलेली. नव्या पिंपाच्या तळाशी दाट, पांढरंशुभ्र विरजण बसलं होतं. इतकं देखणं विरजण मी कधी पाहिलं नव्हतं. माझंच म्हणून मी ते बरणीत भरलं आणि श्रीदेवीला देऊन आले.

श्रीदेवीचं पिंप त्या विरजणानं असं उसळलं की झाकण उडालं. तिनं कौतुकानं ते पुढच्या घरी दिलं. तिथून ते कुणाच्या डब्यातून, कुणाच्या तांब्यातून गल्लीभर गेलं. दुसऱ्या खेपेला पिंपं जरा सुस्तावली. पावसाळी गारठ्यानं असेल, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.

तिसऱ्या खेपेला श्रीदेवी माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"अक्का, माझं पिंप बोलंनाच की गं. गोड पाणी तसंच्या तसं हाय. एक बुडबुडा न्हाई."

"जुनं विरजण घाल की."

"जुनंबी घातलं. तेबी गप. मी काय येडी हाय का?"

मी माझं जुनं विरजण काढलं. त्याला वासच नव्हता. दोन्हीकडे एकच पळी फिरलेली. संध्याकाळपर्यंत कळलं, गल्लीत एकाही घरी विरजण जिवंत नव्हतं. मी ओवीला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. दुसऱ्या दिवशी ती आली. तिनं घरोघर कांडी बुडवली, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि खाली मान घालून सांगायला लागली.

निसर्गात काही यीस्टं अशी असतात, की ती एक विष सोडतात. माणसाला त्याचं काही होत नाही, पण आसपासचं दुसरं यीस्ट त्यानं मरतं. सुगमाच्या लोकांनी ते विष आपल्या यीस्टमध्ये बसवलं आणि चांगलं जालीम केलं. वर आणखी एक शहाणपणा केला. यीस्टला वाढायला एक द्रव्य लागतं, ते स्वतः तयार करण्याची त्याची ताकदच त्यांनी काढून टाकली. ते द्रव्य फक्त सुगमाच्या अर्कात मिळतं. अर्कावर वाढलेलं यीस्ट थोडा साठा पोटात घेऊन दुसऱ्या घरी जातं. त्या साठ्यावर एक-दोन खेपा जोरात चालतं, तेवढ्यात तिथलं जुनं विरजण मारून टाकतं, आणि मग स्वतःही उपाशी थांबतं. त्याला परत उठवायचं तर अर्क विकत घ्यायचा. पिंपात निदान अर्धा अर्क हवा, आणि तो जन्मभर हवा.

"म्हणजे पाव्हणा आला, घरच्यांना मारलं आणि आता म्हणतो मला जेवायला घाला," मी म्हणाले. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या भाषेत त्याला शुद्धतेची हमी म्हणतात, आई. दुसरं कुठलं यीस्ट शिरून बियर नासू नये म्हणून... तो दोष धरत नाहीत. वैशिष्ट्य धरतात."

"पाकिटावर लिहिलं होतं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी हातातलं उलथनं भिंतीवर फेकलं. ते तिला लागलं नाही, पण मला त्या क्षणी त्याचीही फिकीर नव्हती.

चार दिवसांत सबनीस नावाचे सुगमाचे अधिकारी गल्लीत आले. गुळगुळीत दाढी, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही सगळ्या बायका श्रीदेवीच्या ओसरीवर जमलो. ओवी मागे खांबाशी उभी होती.

"काकू, तुम्ही आमचं नोंदणी केलेलं यीस्ट गल्लीभर वाटलंत," ते हसत म्हणाले. "खरं तर हे नियमात बसत नाही. पण कारवाई वगैरे आमच्या मनातही नाही. महिनाअखेरीला परवान्यांची तपासणी आहे. त्या दिवशी ज्यांच्याकडे स्वतःचं जिवंत विरजण नसेल, ते तसेही बांधील होणार. तर आत्ताच आनंदानं व्हा ना. तुमच्याच सोयीचं आहे."

"आमचं विरजण तुमच्या पाकिटानं मारलं," मी म्हणाले. "आणि गुन्हेगार आम्ही?"

"तसं नका मनाला लावून घेऊ. चूक तुमची नाहीच, तुमच्या चांगुलपणाची आहे. तुमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत ना? फार सुंदर पद्धत आहे. आमच्या विस्तार योजनेत तिचा खास उल्लेख आहे. एका घरात पाकीट गेलं की गल्ली आपोआप आमची होते."

मी पेढ्यांचा पुडा उचलून त्यांच्या हातात परत दिला आणि दाराकडे बोट दाखवलं. ते गेले. पण मला एक गोष्ट कळेना. पुण्यात बसलेल्या या माणसाला आमच्या बरण्यांचं कुणी सांगितलं? मी मागे वळले. खांबाशी ओवी रडत होती.

"मी सांगितलं होतं, आई. नोकरी लागली तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये. गावाकडच्या रिती सांगा म्हणाले. मी गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले. मला वाटलं, त्यांना आवडलं."

"आवडलंच की त्यांना," श्रीदेवी म्हणाली. "लई आवडलं."

मला काय वाटलं ते सांगते. ज्वारी चोरली असती, पिंपं चोरली असती, तरी मी समजले असते. चोर चोरीच करणार. पण माझ्या आईनं, सासूनं, चुलत्यामालत्यांनी जी माया शिकवली, तिचाच यांनी रस्ता केला आणि त्यावरून आपला माल फुकट वाहून घेतला. हमाल आम्ही! त्या रात्री मी ओवीशी एक शब्द बोलले नाही. ती मात्र पहाटेच माझ्या उशाशी येऊन बसली.

"आई, पाकिटाच्या आधी आपलं विरजण गल्लीबाहेर कुणाला दिलं होतंस?"

दिलं होतं. म्हणजे नेलं होतं. माझी थोरली जाऊ कांचनताई, राहणार मोहोळ. सासूबाई गेल्या त्या वर्षी ती एक तपकिरी बरणी विरजणानं भरून घेऊन गेली, आणि ती बरणी आजतागायत परत आली नाही. मी दोनदा निरोप धाडला. उत्तर नाही. तेव्हापासून आमचा अबोला. 'आमच्या कांचनताईंकडे भांडं गेलं की गेलंच,' असं मी गल्लीत शंभर वेळा म्हटलं असेन. आता तिच्याच दारात जायचं होतं. दैव कुणाकुणासमोर नाक घासायला लावतं ते बघा.

मोहोळला तिच्या अंगणात पोचलो तेव्हा ओवीनं माझा हात धरला.

"तू आत पाऊल टाकू नकोस. मीही नाही टाकणार. आपल्या पदरात, केसांत, नखांत ते यीस्ट असणार. तिच्याकडे विरजण जिवंत असेल तर ते आपणच मारू."

कांडीही पिशवीतून काढायची नव्हती. आम्ही दोघी उन्हात अंगणाच्या कडेला उभ्या राहिलो आणि मी हाक मारली. कांचनताई बाहेर आली. केस पार पांढरे झालेले. मला बघून क्षणभर तिचा चेहरा उजळला, आणि मग मी पुढे येत नाही असं पाहून परत आक्रसला.

"एवढ्या वर्सांनी आलीस आणि अंगणातच हुबी? माझ्या घरात काय काटे पेरल्यात?"

मी अंगणातूनच ओरडून सगळं सांगितलं. पाकीट, श्रीदेवीची बरणी, पेढे, सगळं. शेजारपाजारचे दारात आले. कांचनताई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. सबनीसांच्या योजनेपाशी आले तशी ती पायरीवर मटकन बसली.

"मुडदा बशिवला त्यांचा! आपल्या देण्याघेण्यावर धंदा मांडला?"

"ताई, ती बरणी आहे का अजून?"

"हाय की."

"मग आजवर परत का नाही केलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. तिथं मदत मागायला आले होते, तरी राहवलं नाही.

"रिकामी कधी झाली, म्हणून परत देऊ?" तिचा आवाज चढला. "रोज आंबील लावती, रोज तळाला थोडं राखती. रिकामी द्यायची न्हाई ही रीत. आणि भरलेली दिली आसती तर माझ्या घरात सासूबाईंचं काय ऱ्हायलं आसतं गं? दागिने तुझ्याकडं, घर तुझ्याकडं. मला ती एक बरणी!"

ती आत गेली आणि बरणी दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याच्या आत उभी राहिली. झाकण काढलं. वाऱ्याच्या झुळकीबरोबर केळ्याचा तो वास अंगणापर्यंत आला. मला तिथंच भडभडून आलं. एका बरणीपायी मी या बाईला गावभर बदनाम केलं होतं. पुढे होऊन तिचे पाय धरावेत असं वाटलं, आणि तेवढंही करता येत नव्हतं. त्या कंपनीचा मला जितका राग तेव्हा आला, तितका आधी कधी आला नव्हता.

कांचनताईनं एक स्टीलचा डबा उकळत्या पाण्यातून काढला, त्यात विरजण घातलं, झाकण दाबलं, डबा पायरीवर ठेवला आणि मागे सरली. मग मी तो उचलला.

गल्लीत आम्ही श्रीदेवीच्या गच्चीवरची खोली चुन्यानं रंगवून घेतली. प्रत्येक घराचं एक नवीन पिंप तिथं ठेवलं, कपडे उकळले, आणि खोलीत एकटी श्रीदेवी अंगावरून गरम पाणी घेऊन जायची. ज्वारी सगळीच्या सगळी घरी शिजवली. कुणीही पाठीचं नाव काढलं नाही. महिनाअखेरीला तपासणीवाले आले, त्यांच्याबरोबर सबनीसही आले. तपासणीवाल्यांनी आपली कांडी काढली आणि एकेका घरचं पिंप तपासलं. विरजण जिवंत, सुगमाचा मागमूस नाही. सगळे परवाने स्वतंत्र.

सबनीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे कुठून आणलंत?"

"भांडं परत न करणाऱ्या बाईकडून," मी म्हणाले. "तुमच्या योजनेत तिचा उल्लेख राहिला वाटतं."

ओवीनं कंपनीविरुद्ध तक्रार केली आहे. त्यामुळे नोकरी गेली, आता ती माझ्याकडेच असते. मी तिला अजून पुरती माफी दिलेली नाही. जेवायला मात्र वाढते.

जिंकलो म्हणून श्रीदेवीनं गल्लीला गोड भजी घातली. सगळ्या हसत होत्या. मला तेव्हा ओट्यावरचा कांचनताईचा डबा दिसत होता. तो परत करायचा होता. मी शेंगाच्या पोळ्या करायला घेतल्या, तर ओवीनं माझ्या हातातलं लाटणं धरलं.

"आई, नाही. आपल्या घरांतून ते यीस्ट कधी जाईल सांगता येत नाही. भिंतीत असेल, पिठात असेल. आणि आपल्या विरजणाची मूळ बरणी आता तेवढी एकच राहिली आहे. आपल्या हातचं काहीही त्या घरात जाता कामा नये."

"चिमूटभर साखर?"

"तीही नाही."

मी डबा पाण्यात बुडवून उकळला, उन्हात वाळवला, परत उकळला. ओवी तो मोहोळला नेऊन पायरीवर ठेवून आली. संध्याकाळी कांचनताईचा फोन आला.

"डबा मिळाला गं."

"बरं."

"रिकामा होता."

"हो, ताई."

"चूक तुझी न्हाई, ठावं हाय मला. ओवीनं सांगितलं. पर माझ्या उभ्या जन्मात माझ्या दारात रिकामं भांडं आलं न्हवतं, शर्मिला."

सुगमाचं यीस्ट गल्लीत आमचं विरजण फार दिवस जगू देत नाही, म्हणून आता दर महिन्याला नवं आणायला मी मोहोळला जाते. अंगणात उभी राहते, ती पायरीवर डबा ठेवते, मी घेऊन येते. पुढच्या खेपेला उकळलेला रिकामा डबा तिथंच ठेवते. गल्लीतही आता हाच नियम आहे. परवा श्रीदेवीची चटणीची बरणी मी घासून, उकळून, पुसून तिच्या हातात ठेवली. तिनं सवयीनं झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं, आणि आम्ही दोघी आपापल्या घरात गेलो.